मदत हवी आहे: डाय चेंजचा वेळ कमी करायचा अप्रेंटिसशिप प्रोजेक्ट

नॅट्समधून (केंद्र सरकारची अप्रेंटिसशिप योजना) एक वर्षाची अप्रेंटिसशिप, चाकण एमआयडीसीत, प्रोसेस इम्प्रूव्हमेंट विभागात. २५० टनी प्रेसवर डाय (साचा) बदलायला ४५ मिनिटं लागतात, ती चार महिन्यांत २५ वर आणायची आहेत. स्टॉपवॉच दिसलं की ऑपरेटर संथ होतात. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १:
ही ४५ मिनिटं कुठून कुठवर मोजलीत? जुन्या जॉबचा शेवटचा चांगला पीस पडल्यापासून नव्या जॉबचा पहिला पीस क्वालिटीने ओके करेपर्यंत मोजा. बरेच जण डाय क्लॅम्प झाला की घड्याळ थांबवतात आणि ट्रायलचा वेळ हिशोबातून निसटतो. तिन्ही शिफ्ट मिळून निदान सहा चेंज बघा.

मग प्रत्येक कृतीपुढे लिहा: प्रेस थांबवूनच करावी लागते, की चालू असताना उरकते? शिगेओ शिंगो यांच्या स्मेड (झटपट डाय बदलण्याच्या) पद्धतीचा गाभा हाच. क्रेनची वाट, टी-बोल्टची शोधाशोध, पॅकिंग आणणं हे सगळं आधी उरकायचं. पुढचा डाय, बोल्ट, पाने अर्धा तास आधी ट्रॉलीवर तयार हवेत. सेफ्टी ब्लॉक (स्लाइड खाली येऊ नये म्हणून लावायचा ठोकळा) आणि लॉकआउट (प्रेस चुकून सुरू होऊ नये म्हणून वीज तोडून कुलूप लावणं) यांमधलं मात्र एक सेकंदही कापू नका.

धागाकर्ता:
प्रत्येक डायची शट हाइट (बंद असतानाची उंची) वेगळी आहे, स्लाइड (प्रेसचा वरखाली होणारा भाग) जुळवण्यात फार वेळ जातो. आधी तेच घेऊ का?

प्रतिसाद १:
नको. सगळ्यात उंच डाय धरून बाकीच्यांखाली प्लेट द्याव्या लागतील. त्यात टूल रूमची मंजुरी आली, खर्च आला. ट्रॉलीचं काम या आठवड्यात होईल.

प्रतिसाद २:
ऑपरेटर संथ होतात कारण स्टॉपवॉच म्हणजे टार्गेट वाढणार किंवा माणूस कमी होणार, हा त्यांचा अनुभव. वाचलेल्या २० मिनिटांचं काय करणार, हे आधी मॅनेजरकडून स्पष्ट करून घ्या. लहान बॅच घेणार की ओव्हरटाइम कमी करणार? ओव्हरटाइम घटणार असेल तर तो थेट त्यांच्या खिशाचा प्रश्न आहे. लपवलंत तर प्रोजेक्ट तिथेच संपला. युनियन असेल तर तिच्याशी पहिल्याच आठवड्यात बोला.

व्हिडिओ परवानगी घेऊनच काढा आणि साहेबांच्या आधी त्याच ऑपरेटरना दाखवा. कुठे वेळ जातो ते डाय सेटरच सांगतील. पहिली ट्रायल एकाच शिफ्टमध्ये, तयार असलेल्या दोघांबरोबर. स्टँडर्ड शीट मराठी-हिंदीत, फोटोंसह, त्यांच्याकडून तपासून घेतलेली. महिन्याभराने वेळ पुन्हा वाढू लागतो, बहुधा रात्रपाळीपासून. म्हणून प्रत्येक चेंजची नोंद प्रेसजवळच्या बोर्डावर सुपरवायझरने करायची, तुम्ही नाही.