मदत हवी आहे: डांबरी शिंगलच्या छपरावरचं शेवाळ सुरक्षितपणे कसं काढावं?

नमस्कार मंडळी,

दहिसरला कांदरपाड्यात आमचं बैठं घर आहे. पूर्वी मंगलोरी कौलं होती. वाशांना वाळवी लागली तेव्हा सगळं उतरवून लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), त्यावर प्लायवूड आणि वर डांबरी शिंगल (बारीक खडी लावलेले डांबराचे पातळ पत्रे) बसवून घेतले. गळती थांबली, दरवर्षी मे महिन्यात कौलं शाकारायची धावपळही संपली. पण उत्तरेच्या उतारावर फणसाची सावली असते. तिथे आता आढ्यापासून पन्हळीपर्यंत काळे ओघळ आलेत आणि शिंगलच्या कडांना शेवाळाचे पुंजके धरलेत. पाऊस गेला की साफ करून घ्यायचं आहे.

एका वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, प्रेशर वॉशर मारतो, दोन तासांत नवंकोरं दिसेल. माणसं दोरी-पट्टा लावतात का विचारलं, तर म्हणे, "मॅडम, पोरांना सवय आहे, चपला काढून चढतात." त्या निसरड्या उतारावर, वळचणीपासून चौदा फूट खाली फरशी असताना, मी कुणाला असं चढू देणार नाही. दुसरीकडे बाबा (वय ७१) म्हणतात, बाहेरचा माणूस कशाला, मीच ब्रश घेऊन चढतो. त्यांनी उभा जन्म शाकारणी केली आहे, त्यामुळे माझं ऐकत नाहीत.

मला विचारायचंय ते असं. प्रेशर वॉशर चालतो का? नसेल तर कोणतं औषध मारायचं? पन्हळीचं पाणी आमच्या विहिरीत जातं, तिचं काय? आणि छपरावर न चढता हे काम होऊ शकतं का?

एक गोष्ट बघून मी चक्रावले आहे. आढ्याजवळ एक पाइप बाहेर आलाय, त्याच्या बुडाला जीआय पत्र्याची पट्टी आहे. तिच्या बरोबर खाली, पट्टीच्याच रुंदीचा, पन्हळीकडे येणारा पट्टा अगदी स्वच्छ आहे. एक ओघळ नाही. असं का?

प्रतिसाद: छप्परकाम_ठाणे

ताई, प्रेशर वॉशर अजिबात नको. शिंगलवर जी बारीक खडी दिसते, तीच खालच्या डांबराला उन्हापासून वाचवते. झोत मारला की शेवाळासोबत खडीही निघते. पन्हळीत काळी कचकच जमलेली दिसली तर समजा छपराचं आयुष्य वाहून चाललंय. शिवाय खालून वर मारलेलं पाणी शिंगलच्या कडेखाली घुसून प्लायवूड कुजवतं. तारेचा ब्रशही नको.

काळे ओघळ म्हणजे धूळ नाही, ती सूक्ष्म शैवालाची वाढ असते. ती मारावी लागते, घासून जात नाही. घरगुती ब्लीच असेल तर निम्मं ब्लीच, निम्मं पाणी. कॅनमध्ये सुटं मिळणारं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचमधलंच रसायन) बरंच कडक असतं, साधारण १० ते १२ टक्क्यांचं. त्याच्या एका भागाला तीन भाग पाणी घाला. फवारून १५-२० मिनिटं ठेवायचं आणि वाळायच्या आत साध्या पाण्याने धुवायचं. ऑक्टोबरच्या उन्हात ते लगेच वाळतं, म्हणून सकाळी लवकर करा. शेवाळाचे पुंजके ओढू नका, खडी घेऊन येतात. मेले की सुकून सुटे होतात.

संडास धुवायचं ॲसिड यात चुकूनही मिसळू देऊ नका. क्लोरीन वायू निघतो आणि उंचीवर माणसाला पळायलाही जागा नसते.

तुमच्या स्वच्छ पट्ट्याचं उत्तर जस्तात आहे. जीआयवर जस्ताचा मुलामा असतो. पावसाच्या पाण्याबरोबर तो अगदी थोडा थोडा विरघळून खाली येतो आणि शैवालाला वाढू देत नाही. आढ्याच्या खाली लांबीभर जस्ताची पट्टी बसवलीत तर पुढच्या पावसाळ्यांत वाढ बरीच कमी होईल. पट्टीजवळ परिणाम जास्त, खाली येता येता कमी. तांब्याची पट्टीही चालते, पण पन्हळ जीआयची असेल तर तांब्याचं पाणी तिला खातं.

प्रतिसाद: साइट_सेफ्टी

वरचं सगळं बरोबर, पण मी आधी माणसाचं बोलतो. काकांना चढू देऊ नका. कौलांच्या घराला वाशाचा अंदाज घेत पाय टाकता येतो. शेवाळलेल्या शिंगलवर तसा आधार नसतो आणि ब्लीच पडल्यावर ते आणखी निसरडं होतं.

तुमचं घर बैठं आहे, म्हणजे वळचणीलगत परांची बांधून, तिच्यावरून लांब नळीच्या फवारणी पंपाने काम होऊ शकतं. पंप नवा घ्या, कीटकनाशकाला वापरलेला नको. धुताना पाणी उंच उडवून आढ्याजवळ पडू द्या, तिथून ते आपसूक खाली येईल. गॉगल, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

जस्ताची पट्टी ठोकायला मात्र कुणीतरी वर जाणारच. तेव्हा छप्पर पूर्ण कोरडं हवं, आणि आयएस ३५२१ (भारतीय मानक) चा शिक्का असलेला, अख्ख्या अंगाला बसणारा हार्नेस (सुरक्षा पट्ट्यांचा संच) हवा. नुसता कमरेचा पट्टा नको, पडल्यावर त्याचा झटका पोटाला आणि कण्याला बसतो. दोरी लोखंडी कैचीला अडकवा, पाइपला किंवा पन्हळीला नाही. शिडी वळचणीच्या वर तीन फूट जाऊ दे आणि वरून बांधा. विजेची तार जवळ असेल तर ॲल्युमिनियमची शिडी आणू नका. उन्हात तापलेल्या शिंगलवर पाय दिला तर खडी सरकते, तेव्हा तेही काम सकाळीच.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. बाबांना हा धागा वाचायला दिला. परांचीवरून होत असेल तर खाली उभं राहून लक्ष ठेवतो म्हणाले, एवढं तरी कबूल झालं. विहिरीचं राहिलंच, आणि फणसाची फांदी तोडली तर फरक पडेल का?

प्रतिसाद: छप्परकाम_ठाणे

ऊन आणि वारा लागला तर खूप फरक पडेल. पण मुंबईत स्वतःच्या आवारातल्या झाडाची फांदी छाटायलाही पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते. अर्ज आत्ताच करा.

विहिरीकडे जाणारा पाइप त्या दिवशी काढून पाणी गटाराकडे वळवा. मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतात, त्यानंतर जून उजाडेपर्यंत छप्पर जवळपास कोरडंच राहतं. मेलेलं शेवाळ आणि उरलेलं औषध पुढच्या पहिल्या पावसात उतरेल. म्हणून मेअखेरीस पन्हळ साफ करून घ्या आणि पहिल्या एक-दोन मोठ्या सरी जाईपर्यंत पाइप विहिरीला जोडू नका. तुळस, कढीपत्ता, जे काही वळचणीखाली असेल ते आधी पाण्याने चिंब भिजवून प्लास्टिकने झाका, काम झालं की प्लास्टिक लगेच काढून पुन्हा धुवा.