सुपरचार्जरवाल्या स्पोर्ट्स कारला एअर फिल्टर कोणता? माझं मत: कागदीच ठेवा

कागदीच_बरा:
सरळ मत मांडतो, पटत नसेल तर खोडून काढा. गाडीला सुपरचार्जर (इंजिनाच्याच ताकदीवर फिरून हवा दाबून आत ढकलणारा पंप, म्हणजेच ब्लोअर) असेल तर कंपनीचा कागदी फिल्टर काढून तेल लावलेला कॉटनचा फिल्टर टाकायची घाई करू नका. साध्या इंजिनात धूळ आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण इथे त्याच्याही आधी वाटेत ब्लोअर बसलाय. रूट्स असो की ट्विन स्क्रू (ब्लोअरचे दोन प्रकार), आतले दोन्ही रोटर एकमेकांना न टेकता मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाची फट ठेवून फिरतात आणि त्या फटीवरच सगळा खेळ आहे, ती वाढली की हवा मागे गळते, बूस्ट (ब्लोअरने वाढवलेला दाब) पडतो आणि तीच हवा पुन्हा पुन्हा घुसळून गरम होते. सेंट्रीफ्यूगल प्रकारात तर इंपेलर (हवा फेकणारं पात्यांचं चाक) मिनिटाला ४०-५० हजार फेऱ्या मारतो, त्याच्या पात्याच्या कडेला बारीक वाळू लागली तर काय होणार?
चांगला कागदी फिल्टर आयएसओ ५०११ (एअर फिल्टर तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या टेस्टला ९९ टक्क्यांच्या आसपास धूळ अडवतो. तेलाचे कॉटनवाले बरेचसे त्याच्या एक-दोन टक्के खाली राहतात. लोक म्हणतात दोन टक्क्यांनी काय होतंय. अहो, अडवलेली नका मोजू, आत गेलेली मोजा! १०० ग्रॅम धुळीतली एकाने १ ग्रॅम आत सोडली आणि दुसऱ्याने ३ ग्रॅम, तर ती तिप्पट झाली. आणि ५०० हॉर्सपॉवर काढायला फुल थ्रॉटलला मिनिटाला साधारण २२-२३ किलो हवा ओढली जाते, म्हणजे धूळही त्याच हिशोबाने.

फुल_थ्रॉटल:
धुळीचं मान्य, पण अर्धाच हिशोब सांगितलास भाऊ. फिल्टर ब्लोअरच्या आधी असतो हे विसरून कसं चालेल. समज प्रेशर रेशो (ब्लोअरनंतरचा दाब भागिले आधीचा) १.६ आहे, मग फिल्टर आणि पाइपात मिळून १ किलोपास्कल गेला तर मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांपाशी) तो १.६ होऊन पोचतो. वातावरणाचा दाब १०१ च्या आसपास, म्हणजे १ किलोपास्कलला साधारण १ टक्का हवा गेली, आणि फुल थ्रॉटलला कोंडलेल्या बॉक्समध्ये २-३ किलोपास्कल सहज जातात. तोच बूस्ट परत मिळवायला लोक ब्लोअर फिरवणारी पुली लहान करतात, मग ब्लोअर जास्त वेगात फिरतो, क्रँककडून जास्त ताकद खातो आणि हवा अजून तापवतो. आधी श्वास मोकळा करा, पुलीचं नंतर बघू. कंपनीने फिल्टर दिला तो कंपनीच्या बूस्टसाठी, पुली बदलल्यावर हवा २० टक्के वाढली की तोच फिल्टर लहान पडतो, कारण रोध वर्गाने वाढतो, १.२ चा वर्ग १.४४.

ट्यूनर_ताई:
वर्गाचं गणित पाइपाला लागू पडतं, फिल्टरच्या कागदाला तितकंसं नाही. कागदाच्या घड्यांमधून हवा खूप सावकाश जाते, त्यामुळे तिथे रोध जवळपास सरळ रेषेत वाढतो, २० टक्के हवा जास्त तर २० टक्के रोध जास्त, फार तर थोडा वर. वर्गाने वाढतो तो बॉक्सच्या तोंडाशी, कोपऱ्यात, अरुंद नळीत, रेझोनेटरच्या (आवाज दाबणाऱ्या डब्याच्या) खाचेत. म्हणून फिल्टर बदलून काही फरक पडला नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी विचारते की दाब नक्की कुठे पडतोय ते मोजलं का. बहुतेकांनी मोजलेलं नसतं.
आणि तुम्ही दोघंही मॅफ सेन्सरबद्दल (आत येणारी हवा मोजणारा) एक शब्द बोलला नाहीत. सुपरचार्जरवाल्या गाडीत खरा धोका तिथे आहे. तेल जास्त लावलेला फिल्टर सेन्सरच्या गरम तारेवर थर चढवू शकतो, पण त्याहून जास्त वेळा गडबड होते ती हवेचा प्रवाह बदलल्यामुळे. मॅफ हा त्या ठरावीक नळीत, त्या ठरावीक प्रवाहाला कॅलिब्रेट केलेला असतो. त्याच्या पुढ्यात वेगळ्या आकाराचा फिल्टर किंवा वेगळ्या व्यासाची नळी लावली की हवा तेवढीच जाऊनही सेन्सर कमी वाचतो, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) पेट्रोल कमी सोडतो, आणि बूस्टमध्ये मिश्रण लीन झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं) की नॉक, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके, मग पिस्टन जातो. साध्या इंजिनात अशा चुकीला थोडी सूट मिळते, इथे मिळत नाही. कुठलाही फिल्टर लावा, पण आधी आणि नंतर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलात करत असलेली दुरुस्ती) लॉग करा, वाइडबँड (एक्झॉस्टमधला मिश्रण मोजणारा सेन्सर) लावा आणि फुल थ्रॉटलचा एअर-फ्युएल रेशो बघा. हे न करता नुसता आवाज भारी झाला म्हणून खूश होणारे बघितले की मला खरंच काळजी वाटते.

कागदीच_बरा:
ताई, मॅफचा मुद्दा माझ्याच बाजूने जातोय. कंपनीचा बॉक्स, कंपनीचा फिल्टर, कॅलिब्रेशन जसंच्या तसं.
आणि उघड्या कोन फिल्टरवाल्यांसाठी (बॉक्स काढून बोनेटखाली उघडाच लावलेला शंकूसारखा फिल्टर) गरम हवेचं पण सांगतो. इनटेकला हवा १० अंशांनी जास्त गरम आली तर घनता ३ टक्क्यांच्या आसपास पडते. पण सुपरचार्जरमध्ये ते १० अंश १० राहत नाहीत. १.६ प्रेशर रेशो आणि ६० टक्के एफिशियन्सी धरली तर ब्लोअरमधून बाहेर येईपर्यंत ते १२ च्या वर जातात, मग इंटरकूलरवर (दाबलेली हवा थंड करणारा) जास्त भार, ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे खेचतो. फिल्टरवर वाचवलेला अर्धा किलोपास्कल इथेच बुडाला.

फुल_थ्रॉटल:
मी उघड्या कोनची बाजू घेतलीच नाहीये!! मी म्हणतोय कंपनीच्याच बंद बॉक्समध्ये कॉटनचं पॅनेल टाका. बाहेरची थंड हवा मिळालीच पाहिजे यावर तुझं माझं एकच मत आहे. डॉजने चॅलेंजर हेलकॅटमध्ये डावीकडचा आतला हेडलॅम्प पोकळ करून तिथून इंजिनाला हवा दिली, ७०७ हॉर्सपॉवरच्या गाडीत हेडलॅम्पची जागा हवेला देतात म्हणजे थंड हवेची किंमत त्यांना कळते. पण चालत्या गाडीत, वेग पकडला की बोनेटखालचं तापमान बरंच उतरतं, सिग्नलला उभं असताना मोजलेला आकडा दाखवून कोन फिल्टर मोडीत काढणं पण बरोबर नाही.

मागे_इंजिन:
मधे बोलतो. बोनेटखालची हवा वेगाने थंड होते हे पुढे इंजिन असलेल्या गाडीचं झालं. लोटस एक्झिजसारख्या गाडीत, ३.५ लिटर व्ही६ वर सुपरचार्जर आणि सगळं सीटच्या मागे कोंबलेलं, तिथे एक्झॉस्टची उष्णता जायला जागाच कमी. तिथे बंद बॉक्स आणि बाजूच्या स्कूपपासून बॉक्सपर्यंत नीट सील केलेली नळी नसेल तर कुठल्या मटेरियलचा फिल्टर आहे ही चर्चाच फिजूल.

जुना_मिस्त्री:
फिल्टरपेक्षा त्याची कड बघा. ९९ टक्क्यांचा फिल्टर बॉक्समध्ये वाकडा बसला किंवा रबराची कड दुमडली तर धूळ सरळ बाजूने आत जाते, मग कागद असो की कॉटन. बॉक्स उघडल्यावर फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूच्या नळीत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर कोरडी धूळ आली तर आधी सील, क्लिपा, होजचे क्लॅम्प तपासा. ब्लोअरवाल्या गाडीत क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या तळातली तेलकट वाफ बाहेर काढणारी नळी) पण त्याच नळीत येतो, त्यामुळे थोडं तेलकट दिसलं तर घाबरू नका, तेलात मिसळलेली खरखर लागली तर मात्र थांबा.
दुसरं, कागदी फिल्टर एअर गनने फुंकून परत बसवू नका, कागदाला बारीक भोकं पडतात आणि डोळ्याला दिसतही नाहीत. तिसरं म्हणजे उगाच दर थोड्या दिवसांनी बॉक्स उघडत बसू नका. फिल्टरवर धुळीचा हलका थर बसला की तो अजून बारीक धूळ अडवतो, नवा कोरा फिल्टर सुरुवातीला सगळ्यात जास्त सोडतो. आणि बॉक्स उघडताना तोंडाशी साचलेली माती आत पडते ती वेगळीच.

कागदीच_बरा:
मिस्त्रीकाका, थर बसल्यावर चांगला गाळतो हे बरोबर, पण कॉटनवाले धुऊन, तेल लावून परत वापरतात. म्हणजे प्रत्येक धुण्यानंतर ते परत त्या नव्या कोऱ्या अवस्थेला जातात, आणि तेल कमी पडलं तर गाळणं गेलं, जास्त झालं तर मॅफ गेला. कागदाला हा प्रश्नच नाही.

फुल_थ्रॉटल:
तेल मोजून लावता येतं, रात्रभर मुरू दिलं आणि जास्तीचं टिपून घेतलं की उडत नाही. आणि एवढीच धूळ आत जात असेल तर इंजिन ऑइलच्या रिपोर्टमध्ये सिलिकॉन (धुळीतल्या वाळूचा घटक) दिसायला हवं. माझ्या गाडीचे रिपोर्ट कॉटन लावल्यानंतरही शांत आहेत.

ट्यूनर_ताई:
सिलिकॉन एकटं बघू नका. इंजिन उघडून सीलंट लावलं असेल तर त्यातूनही सिलिकॉन येतं. सिलिकॉनबरोबर लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही चढताना दिसले तर धूळ समजा. आणि तुमचे रिपोर्ट सिलिंडरपर्यंत काय पोचलं ते सांगतात, वाटेत रोटरच्या कोटिंगला काय झालं ते नाही. बऱ्याच ब्लोअरना स्वतःचं वेगळं तेल असतं, ते गिअर आणि बेअरिंगपुरतं, रोटरवरून जाणारी धूळ त्यात सुद्धा दिसणार नाही.

नवीन_मेंबर:
मधला रस्ता म्हणून कोरडा सिंथेटिक फिल्टर कसा? तेल नाही, धुता येतो म्हणतात.

ट्यूनर_ताई:
मॅफच्या दृष्टीने चांगला. पण मटेरियलच्या आधी क्षेत्रफळ बघा. त्याच बॉक्समध्ये घड्या खोल आणि जास्त असलेला फिल्टर मिळाला तर दर चौरस सेंटिमीटरमधून हवा सावकाश जाते, रोध कमी आणि धूळ धरायची क्षमता जास्त, दोन्ही मिळतात. मोठ्या बॉक्समधला मोठा कागदी फिल्टर हा छोट्या कॉटनपेक्षा केव्हाही मला आवडेल. गाडी फक्त ट्रॅकवर, डांबरावर पळणार आणि इंजिन नियमित उघडणार असेल तर कॉटनला माझा विरोध नाही. रोज रस्त्यावर, मातीच्या कडेने जाणारी असेल तर कागद किंवा कोरडा सिंथेटिक.

फुल_थ्रॉटल:
मग कागदी फिल्टरमुळे रोध नाही हे सिद्ध कोण करणार?

जुना_मिस्त्री:
पारदर्शक नळी यू आकारात वाकवा, निम्मं पाणी भरा, एक टोक उघडं, दुसरं फिल्टरच्या पुढच्या नळीत. दोन बाजूंच्या पाण्यात १० सेंटिमीटर फरक आला म्हणजे साधारण १ किलोपास्कल. वरच्या आरपीएमला फुल थ्रॉटल देऊन बघा, रस्त्यावर नको, डायनोवर (गाडी जागीच पळवून ताकद मोजायचं यंत्र). मग फिल्टर काढून एकच रन घ्या आणि फरक बघा. जेवढा कमी झाला तेवढाच फिल्टरचा, उरलेला सगळा पाइपाचा. नळी लांब ठेवा, पाणी ओढलं जाऊन इंजिनात जाता कामा नये.

फुल_थ्रॉटल:
करतो. पण फिल्टरचा वाटा अर्ध्याहून जास्त निघाला तर कॉटन राहणार, आधीच सांगून ठेवतो.

ट्यूनर_ताई:
चालेल. फक्त टॅप (पाण्याची नळी जोडायचं भोक) फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीच्या (हवेची झडप असलेला भाग) मधे घ्या. बऱ्याच रूट्सवाल्या गाड्यांत थ्रॉटल ब्लोअरच्या आधी असतो, त्याच्या पुढे टॅप घेतला तर थ्रॉटलचाच रोध मोजत बसाल, आणि थ्रॉटल जरा मिटला की सगळं पाणी ब्लोअरमध्ये. आणि दोन्ही रनला इनटेक टेम्परेचर एकच असू दे, नाहीतर पुन्हा इथेच वाद घालत बसू.