'स्वामी'तली प्रेमकथा : काय जमलंय, काय राहिलंय?

पेठेतली वाचक :
आमच्या वाचन ग्रुपनं या महिन्यात रणजित देसाईंची 'स्वामी' घेतलीय. करवीर नगर वाचन मंदिरातनं आणून परत वाचली, थोरले माधवराव पेशवे आणि त्यांची बायको रमाबाई, म्हणजे रमा-माधव, वाचताना अजूनही गलबलतं. पण या खेपेला खटकलं ते असं की रमाबाई पूर्ण कादंबरीभर वाट बघतात, काळजी करतात आणि शेवटी थेऊरला सती जातात, त्यांना स्वतःला काय हवं होतं ते मला कुठं सापडलंच नाही. तुम्हाला काय वाटतं?

चंदगडकर :
देसाई आमच्या तालुक्यातल्या कोवाडचे, त्यामुळं मी थोडा त्यांच्याच बाजूनं बोलणार 🙏 पानिपत झालेलं, वडील नानासाहेब पेशवे गेलेले, 1761 मध्ये माधवराव हे सोळा वर्षांचं पोरगं गादीवर, डोक्यावर कर्ज, समोर निजाम आणि हैदर, घरात काका राघोबादादा. यातनं नवराबायकोला निवांत बोलायला कधी मिळणार सांगा, म्हणून तर ते दोघं जे चार शब्द बोलतात ते मनात बसतात. प्रेम उघड बोलून दाखवत नाहीत तीच ताकद आहे. फक्त सगळीच माणसं एकाच नटलेल्या भाषेत बोलतात, ते मलाही जड जातं.

जुनी पानं :
ताई, तुमचं बरोबर आहे. सती जाणं इतिहासातच आहे, ते लेखक बदलू शकत नाही. पण ते इतकं सजवून लिहिलंय की वाचणाऱ्याला दुसरा प्रश्नच पडत नाही, माझा आक्षेप तिथं आहे. आणि बाईला त्या काळात काही करताच येत नव्हतं असंही नाही ओ, 1760 ला करवीरचे (कोल्हापूरचे) दुसरे संभाजीराजे गेल्यावर त्यांच्या जिजाबाई राणीसाहेबच (शिवाजी महाराजांच्या आई नव्हेत) राज्य चालवत होत्या. मला तर माधवरावांच्या आई गोपिकाबाईंचं जास्त वाईट वाटतं. एकाच वर्षात थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर गेला आणि पाठोपाठ नवरा, त्या बाईच्या आत काय चाललं असेल? त्याला कितीतरी जास्त जागा पाहिजे होती, म्हणजे सासू-सून दोघी खऱ्या वाटल्या असत्या.

रंकाळा :
लढाया, तह माझ्या तर लक्षातही राहिले नाहीत. पण आजारपणाचा भाग तोडीस तोड कुणी लिहिलेला मी वाचला नाही. क्षयानं खंगत चाललेला माणूस कारभार सोडत नाही आणि बायकोला सगळं दिसतंय पण बोलता येत नाही. 18 नोव्हेंबर 1772 ला माधवराव गेले, वय फक्त सत्तावीस, हे आधीपासून माहीत असून मी पानं उलटायला घाबरत होतो. रमाबाई गप्प आहेत हे मान्य, पण त्या पानांत त्यांची घुसमट मला तरी ऐकू आली.

पेठेतली वाचक :
रंकाळा, ती पानं मी घाईत वाचली होती, आज रात्री परत काढते. गोपिकाबाईंचा मुद्दा मात्र ग्रुपमध्ये सगळ्यात आधी मांडणार, त्यांच्यावर कुणी बोलतच नाही.