मदत हवी आहे: रिमोटवरच्या मॉडेल विमानात एलिव्हेटरचा (शेपटीची वर-खाली हलणारी फळी) पुशरॉड दाबाखाली वाकतो

विमान ४० साइझचं (.४० इंजिनाच्या वर्गातलं) बाल्सा लाकडाचं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, इलेक्ट्रिक. पुशरॉड म्हणजे सर्व्होपासून (फळी हलवणारी छोटी मोटर) एलिव्हेटरपर्यंतची १.२ मिमी तार, ती प्लास्टिक नळीतून जाते. सर्व्होकडे झेड-बेंड (तारेचं Z आकारात वाकवलेलं टोक), शेपटीकडे नायलॉन क्लेव्हिस (चिमट्यासारखी जोडणी), वर सिलिकॉनचं कडं. हॉर्न (एलिव्हेटरवरचा भोकांचा दांडा, ज्याला तार जोडतात) खालच्या बाजूला, म्हणजे अप (एलिव्हेटर वर) देताना तार ढकलली जाते आणि नेमकी तेव्हाच वाकते. बोटाने दाबलं तर एलिव्हेटर ३ मिमी हलतो, सर्व्हो आर्म मात्र जागची हलत नाही.

आर्मचं आतलं आणि हॉर्नचं बाहेरचं भोक वापरलं, छिद्रांत ढिलाई नाही, बिजागऱ्या घट्ट. नळी दोन्ही टोकांना चिकटवलेली. नळीला मध्ये आधार द्यायला मधल्या फॉर्मरपर्यंत (सांगाड्याची आडवी फळी) हात पोचत नाही, कव्हरिंग फाडायचं नाही.

तारेऐवजी ४ मिमी कार्बन नळीचा पुशरॉड घालायचा विचार आहे. टोकांच्या २ मिमी तारा नुसत्या इपॉक्सीवर टिकतील, की तार काटकोनात वाकवून नळीच्या भोकात अडकवून वर दोरा गुंडाळावाच लागेल? की हॉर्न वर घेतलेलं बरं, म्हणजे अप देताना तार ओढली जाईल?