म्हातारं माणूस दवाखान्यातून घरी येतं, पुढे कोण बघतं?

माणदेशी:
माझी चुलती 78 वर्षांची. मोरीत पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, सरकारी कार्डावर झालं, त्याबद्दल तक्रार नाही. सातव्या दिवशी घरी सोडलं. हातात गोळ्यांची चिठ्ठी आणि 'पंधरा दिवसांनी दाखवा' एवढंच. कुशीवर कसं वळवायचं, कमोडची खुर्ची कुठून आणायची, टाके कोण बघणार, यातलं काहीच कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात पाठीला जखम झाली आणि पुन्हा दवाखाना.

नंतर मी चौकशी करत फिरलो. श्रावणबाळचे महिन्याचे 1,500 रुपये तहसीलमधून. मुख्यमंत्री वयोश्रीचे साधनांसाठी एकरकमी 3,000, त्याचा अर्ज समाजकल्याणकडे. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली आणि गावाजवळचं आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या. म्हणजे आरोग्य खात्याचेच दोन तुकडे! माणूस एक आणि दारं चार. आरोग्य आणि समाजकल्याण यांनी वृद्धांसाठी तालुक्याला एकच आराखडा करावा, पैसा एकत्र ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त_कारकून:
तुमच्या चुलतीचं वाचून वाईट वाटलं. पण मी जिल्हा परिषदेत 31 वर्षं काढली आहेत, म्हणून स्पष्ट विरोध करतो. आरोग्य समिती आणि समाजकल्याण समिती एकाच इमारतीत बसतात. एकत्र बसायला कुणी अडवलं होतं? 'संयुक्त' म्हटलं की आणखी एक समिती, आणखी एक इतिवृत्त आणि 'पुढील बैठकीत चर्चा करण्यात यावी'.

परदेशाचे दाखले देणाऱ्यांसाठी सांगतो. स्कॉटलंडने 2014 साली यासाठी कायदाच केला. 2016 पर्यंत 31 संयुक्त यंत्रणा उभ्या राहिल्या, बहुतेक सगळी मंडळंच, दोन्हीकडचा पैसा एका थैलीत आला. तरी तिथले म्हातारे बरे होऊनही खाटेवर अडकून राहतात, कारण घरी बघायला माणूस मिळत नाही. कायद्याने थैली एक होते, हातांची संख्या वाढत नाही. आपल्याकडे तर थैलीच रिकामी. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबाच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा आजही 200 रुपये आहे. आधी पैसा आणि माणसं, मग आराखडे.

आशाताई_तालुका:
दोघांचंही वाचलं. एक विनंती. आराखडा कसाही करा, पण शेवटची ओळ 'आशामार्फत अंमलबजावणी' अशी लिहू नका. गरोदर बाया, लसीकरण, क्षयरोग, बीपी-शुगरचे फॉर्म, सगळं आमच्याकडेच आहे. माझ्या वाडीत अंथरुणाला खिळलेले सहा जण आहेत. मी जाते, पण माझ्या जिवाच्या समाधानासाठी जाते, ते काम कुठल्याच रजिस्टरात नाही. एका आजोबांची लघवीची नळी दोन महिने बदलली नव्हती. मला ती बदलता येत नाही आणि मी बदलूही नये. तिथे नर्सच लागते.

कुडाळकर:
आशाताई, हेच केरळने ओळखलं. 2008 साली त्यांनी धोरण आणलं आणि घरी जाऊन सेवा देण्याचं काम ग्रामपंचायतींवर सोपवलं. नर्सचा पगार पंचायतीच्या निधीतून, वैद्यकीय देखरेख आरोग्य केंद्राच्या डॉक्टरची आणि सोबत गावातले स्वयंसेवक. ती नर्स नळी बदलते, जखम धुते आणि घरात तांदूळ नसला तर तेही पंचायतीला कळवते. आरोग्य आणि समाजकल्याण तिथे एकाच माणसाच्या पिशवीत आलं. काका म्हणतात तशी मोठी मंडळं लागली नाहीत.

निवृत्त_कारकून:
केरळने आरोग्य केंद्रं नव्वदच्या दशकातच पंचायतींकडे दिली, आणि 2008 च्या धोरणाआधीच कोझिकोडला लोकांनी स्वतः हे काम उभं केलं होतं. ती मुळं आपल्याकडे आहेत का?

घरचा_माणूस:
सगळं सरकारने करायचं तर मुलं कशाला? आईवडील आणि ज्येष्ठांसाठी 2007 चा कायदा आहे, प्रांताकडे अर्ज करा, मुलांकडून पोटगी मिळते.

माणदेशी:
दादा, पोटगीने पाठीची जखम भरत नाही. आणि माझा चुलतभाऊ पळून गेलेला नाही. तो भिवंडीत यंत्रमागावर आहे, दर महिन्याला पैसे पाठवतो. घरी वहिनी एकटी, तिचीच कंबर धरलेली. आईला उचलायचं कसं हे तिला एकदा कुणी दाखवलं असतं, तर तिने ते केलं असतं. अशा घराला 'जबाबदारी घ्या' म्हणणं मला पटत नाही.

काका, तुमचं अर्धं मी मान्य करतो. समिती नको. माझी मागणी छोटी करतो: रुग्णालयाने सत्तरीपुढच्या माणसाला घरी सोडताना कागदाची प्रत त्याच दिवशी गावच्या आरोग्य केंद्राला पाठवावी, आणि आठवड्याच्या आत नर्सने एकदा घरी जावं. येतानाच तिने श्रावणबाळ आणि वयोश्रीचे अर्ज भरून आणावेत. आशाताईंवर बोजा नाही.

निवृत्त_कारकून:
प्रत पाठवायला पैसा लागत नाही, एवढं खरं. दोन्ही बाजूंना एकेक नाव ठरवून द्यावं लागेल, नाहीतर ती प्रत टपालाच्या ढिगात जाईल. नर्सच्या पदांबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे. रिक्त जागा आधी भरा.

आशाताई_तालुका:
कागद आला तर घर दाखवायला मी नर्सबरोबर येईन. त्याला बोजा म्हणू नका.