उत्रेख्तचा सायकलतळ: २४ तासांनंतर पैसे घेणे योग्य आहे का?

उत्रेख्तवासी:
नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहराच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोरच्या चौकाखाली १२,५०० सायकलींचा तिमजली तळ आहे. २०१७ मध्ये त्याचा पहिला भाग उघडला आणि २०१९ मध्ये तो पूर्ण होऊन जगातला सर्वांत मोठा सायकलतळ ठरला. सायकलवरून न उतरता थेट उतारावरून आत जाता येते आणि गल्लीच्या तोंडाशी किती जागा शिल्लक आहेत त्याचा आकडा दिसतो. इतके असूनही मंगळवारी सकाळी साडेआठला मी दोन-तीन गल्ल्या फिरल्याशिवाय जागा मिळत नाही, आणि वर चौकात झाडे, कठडे, दिव्यांचे खांब सायकलींनी वेढलेले असतात ते वेगळेच.

माझ्या मते ही गर्दी चालणाऱ्या सायकलींची नसून उभ्या सायकलींची आहे. मालक गाव सोडून गेला, टायर बसले, साखळी गंजली, तरी सायकल जागेवरच. डच लोक तिला ‘वेसफीत्स’, म्हणजे अनाथ सायकल, म्हणतात. आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की इथे रुमाल टाकणारा पुन्हा येईलच याची खात्री नाही. म्हणून पहिले २४ तास फुकट, पुढे दर दिवसाला थोडे पैसे आणि २८ दिवसांनंतर सायकल उचलायची, हा नियम मला रास्त वाटतो. मी तर म्हणेन की ही २८ दिवसांची मुदत निम्म्यावर आणावी.

दोन सायकलींचा धनी:
तुम्ही अनाथ सायकलींबद्दल बोलता आहात, पण नियमाचा फटका बसतो तो माझ्यासारख्या रोज सायकल चालवणाऱ्याला. मी आमर्सफोर्टला राहतो आणि उत्रेख्तला नोकरी करतो. घरून स्थानकापर्यंत एक सायकल आणि इकडे स्थानकापासून कचेरीपर्यंत दुसरी, अशी सोय या देशात असंख्य लोक करतात, कारण गर्दीच्या वेळी साधी सायकल रेल्वेगाडीत नेऊ देत नाहीत. माझी इकडची सायकल शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला तळात लागते आणि सोमवारी सकाळी साडेआठला निघते. हे ६३ तास झाले. त्यांतले २४ फुकट आणि उरलेल्या ३९ तासांसाठी दोन दिवसांचे पैसे. रक्कम मोठी नाही, पण दर आठवड्याला कापली गेली की टोचते. मग मी काय करतो, तर शुक्रवारी ती तळात न नेता वर कठड्याला बांधतो. तुम्हाला चौकात दिसणाऱ्या गर्दीत माझीही एक असते आणि तिला तिथे तुमच्या रास्त नियमानेच आणून सोडले आहे.

वरची रांग:
दोघांच्याही हिशोबात एक गोष्ट राहिली आहे. सगळ्या जागा सारख्या नसतात. या तळातल्या रांगा दुमजली आहेत. वरच्या रांगेत सायकल लावायची म्हणजे लोखंडी पन्हळ बाहेर ओढायची, ती खाली कलली की पुढचे चाक तिच्यात चढवायचे, मागून सायकल ढकलायची, मग मूठ धरून सगळा भार वर उचलून पन्हळ आत सारायची. वर उचलताना यंत्रणेचा थोडा आधार मिळतो, पण चाक चढवताना काहीच मिळत नाही. माझी विजेवरची सायकल २५ किलोंची आहे आणि माझे वय साठीच्या पुढे. त्यातून शेजारच्या सायकलीच्या ब्रेकच्या वायरीत आपले हँडल अडकले, तर मागचा माणूस खोळंबतो आणि नम्रपणे वाट पाहतो, ते अधिकच अवघड वाटते. फलकावर दिसणारा शिल्लक जागांचा आकडा खोटा नसतो. पण त्या जागा बहुतेक वरच्या असतात. पैसे घ्यायचेच असतील तर खालच्या रांगेत दिवसचे दिवस सायकल ठेवणाऱ्यांकडून घ्या आणि वरची रांग आठवडाभर फुकट ठेवा. तरुण मंडळी आपोआप वर चढतील.

ॲम्स्टरडॅमचा रहिवासी:
सूचना चांगली आहे, पण फुकट जागा कुठलीही असो, ती भरतेच, हे आम्ही पाहिले आहे. आमच्या मध्यवर्ती स्थानकाशेजारी २००१ मध्ये तात्पुरता म्हणून २,५०० सायकलींचा बहुमजली तळ उभारला गेला. तो तात्पुरता तळ दोन दशके राहिला, आणि सदैव ओसंडून वाहत राहिला. २०२३ मध्ये स्थानकाच्या पुढच्या बाजूला पाण्याखाली ७,००० आणि मागच्या बाजूला ४,००० जागा झाल्या, तेव्हा कुठे तो बंद झाला. पाण्याखाली तळ बांधण्याचा खर्च पाहता ही वाट दर वीस वर्षांनी पुन्हा चालता येणार नाही.

मात्र मुदत निम्म्यावर आणण्याला माझा ठाम विरोध आहे. आजारपण, बाळंतपण, आईवडिलांना भेटायला महिनाभर भारतात जाणे, अशा कारणांनीही सायकल उभी राहते. एका गावात माझी चांगली चालती सायकल गंजक्या सायकलींबरोबर उचलली गेली होती. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. चिठ्ठी लावून पुरेशी वाट पाहिल्याशिवाय उचलू नये.

उत्रेख्तवासी:
मुदतीबद्दलचा माझा आग्रह मी मागे घेतो. भारतवारीचा विचार मी केला नव्हता, आणि ती तर मीही करतो. सुट्टीमुळे दोन सायकली ठेवणाऱ्यांना फटका बसतो, म्हणून शनिवार-रविवार मोजू नयेत, हेही मान्य. पण आता बरेच जण मंगळवारी आणि गुरुवारीच कचेरीत जातात. त्यांची दुसरी सायकल गुरुवारी संध्याकाळपासून मंगळवारी सकाळपर्यंत उभी असते आणि आठवड्याच्या १६८ तासांत जेमतेम एक तास चालते. तिला फुकट जागा का द्यावी? अशांनी स्थानकावरची भाड्याची ओव्ही-फीत्स घ्यावी किंवा घडीची सायकल बाळगावी.

दोन सायकलींचा धनी:
ओव्ही-फीत्सला दिवसाला चार युरोंहून अधिक पडतात, म्हणजे दोन दिवसांत तळाच्या चार-पाच दिवसांच्या भाड्याहून जास्त. घडीची सायकल गाडीत फुकट नेता येते, हे मलाही ठाऊक आहे. पण ती घेऊन सकाळी पावणेआठच्या गाडीत दारापाशी उभे राहणाऱ्याकडे लोक कसे पाहतात, ते एकदा स्वतः अनुभवून मग सुचवावे.