मदत हवी आहे : 'सिंक रेट' इशाऱ्याच्या मॉडेलमध्ये बझर उगाच वाजतो

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहिते आहे. विमानतळाजवळच्या बिजासन टेकरीवर विमानं उतरताना बघत होतो आणि विमान फार वेगानं जमिनीकडे जायला लागलं की वैमानिकाला ओरडून सावध करणाऱ्या यंत्राबद्दल बोलत होतो, तेव्हा नववीतली भाची म्हणाली, "मावशी, उतरणारं विमान खालीच येणार ना? मग ओरडायचं कधी, हे त्या यंत्राला कळतं कसं?" शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं आता त्याचंच मॉडेल करायला घेतलंय.

विमानातलं यंत्र दोन गोष्टी एकत्र बघतं : जमीन किती खाली आहे आणि विमान मिनिटाला किती फूट उतरतंय. उंची रेडिओ अल्टिमीटर (जमिनीकडे रेडिओ लहरी सोडून उंची मोजणारं उपकरण) सांगतो, उतरण्याचा वेग मात्र हवेच्या दाबावरून काढतात. जमीन जवळ येईल तशी सूट कमी होत जाते. २४५० फुटांवर मिनिटाला सुमारे ५००० फुटांपर्यंत ते गप्प असतं, पण १००० फुटांवर साधारण २६०० झाले की "सिंक रेट" (म्हणजे उतरण्याचा वेग जास्त आहे) म्हणतं. तरीही वेग आवरला नाही तर "पुल अप" (विमान वर घ्या). नेहमीचं लँडिंग मिनिटाला ७००-८०० फुटांनी होतं, म्हणून तेव्हा ते बोलत नाही. १९९२ साली स्ट्रासबुर्गजवळ डोंगरावर आदळलेलं ए-३२० मिनिटाला ३३०० फुटांनी उतरत होतं आणि त्यात ही यंत्रणाच नव्हती. ८७ माणसं गेली. हे वाचल्यापासून पोरगी मॉडेल अर्धवट सोडायला तयार नाही.

दाराच्या चौकटीला कप्पी, दोऱ्याला पुठ्ठ्याचं विमान, त्याच्या पोटाला जेल रोडवरून आणलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा), आणि हे सगळं चालवणारा आर्डुइनो, म्हणजे कोड लिहून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. १ सेंटिमीटर म्हणजे १० फूट धरलेत. पण ४० सेंटिमीटरवर विमान नुसतं धरून ठेवलं तरी बझर वाजतो! रीडिंग ३ मिलिमीटर इकडेतिकडे होतं. सेकंदाला १० रीडिंग घेतो, म्हणजे एवढ्याशा थरथरीचेच मिनिटाला १८०० फूट होतात, त्या उंचीवरच्या सुटीपेक्षा जास्त. ३० रीडिंगची सरासरी घेतली तर बझर शांत, पण मग खरोखर वेगानं सोडलेलं विमान वीतभर खाली गेल्यावर इशारा येतो. जमिनीजवळ वीतभर म्हणजे सुमारे २०० फूट!

सरासरीऐवजी रीडिंग चढत्या क्रमानं लावून त्यातलं मधलं घेतल्यानं फरक पडेल का? की खऱ्या विमानासारखा वेग वेगळ्याच ठिकाणाहून घ्यावा, म्हणजे कप्पीवर काळे-पांढरे पट्टे चिकटवून फेरे मोजावेत? दाबाचा सेन्सर दोन मीटरच्या चौकटीत कामाचा नाही.

प्रदर्शन पुढच्या शनिवारी आहे. कोड तिचा तिनंच लिहिलाय, त्यामुळे तयार कोड नको, कुठल्या बाजूनं जावं तेवढं सांगा.